हिरवी चौकट कुठे गेली?

“हा घ्या, मॅडम. जाळा न्हाईतर कृष्णेत टाका. माझ्या घरात हा नको.”

अजमल मुलाणीने फोन टेबलावर टाकला आणि हात शर्टाला पुसला, जणू उकिरड्यावरून काही उचललं होतं. सांगलीच्या सायबर ठाण्यातली उपनिरीक्षक स्वानंदी शेवडे हिने आधी फोनकडे पाहिलं, मग त्याच्यामागे उभ्या मुलीकडे. रशीदा, अजमलची धाकटी बहीण, जन्मापासून आंधळी. तिने ओठ घट्ट आवळले होते, पण मान खाली घातली नव्हती.

फोन वाजला. नंबर अनोळखी. स्वानंदीने उचलून स्पीकर लावला.

“काय गं राणी, आज तरी बोलणार का?” आवाज गुळमट होता. पुढचं जे तो बोलला ते इथे लिहिण्याजोगं नाही. स्वानंदीने आपला हुद्दा सांगितला, तसा फोन फटकन कापला गेला. शी! तिला कान धुवावेसे वाटले.

“दिवसभर ह्येच,” अजमल म्हणाला. “विट्यात माग चालवतो मी. मागावरची पोरं माझ्याकडं बघून हसत्यात. कुठल्या तरी घाणेरड्या साइटवर हिचा नंबर हाय. त्यास्नी इचारलं, तर म्हणत्यात, तुमच्या बहिणीनंच होकाराचं बटण दाबलंय. तिच्याच फोनवरनं.”

“मी न्हाई दाबलं, भाई.”

“मग काय भुतानं दाबलं व्हय?” तो स्वानंदीकडे वळला. “सोमवारी हिला साताऱ्याच्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर म्हणून हजर व्हायचंय. पर ह्याचा उलगडा झाल्याबिगर मी हिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायचा न्हाई. आत्ताच सांगून ठेवतो.”

रशीदाने पांढरी काठी फरशीवर आपटली. दहा जणांत पहिली येऊन मिळवलेली नोकरी ती. सोमवार चार दिवसांवर आला होता.

हवालदार धुळा बंडगर फोन तपासायला बसला आणि लगेच वैतागला. बोट लावलं की फोन नुसता बडबडायचा, उघडायचा काही नाही. आंधळ्या माणसाच्या फोनची रीतच तशी. बोट लावलं की नाव ऐकू येतं, मग दोनदा टिचकी मारली की उघडतं. धुळाने तो बोलणारा आवाज बंदच करून टाकला, तसा काळा पडदा उजळला. मग त्याने सगळा फोन भराभर चाळला.

“काय न्हाई, मॅडम. वंगाळ ॲप न्हाई, वंगाळ साइट न्हाई. पोरगी एकच साइट बघती, ‘उजेडवाट’. आंधळ्यांसाठी नोकरीच्या बातम्या. लय स्वच्छ काम. एक जाहिरात न्हाई.”

“एकच का गं?” स्वानंदीने विचारलं.

“आवं मॅडम, तुमी जाहिरात दिसली की नजर फिरवता. माझी नजर म्हंजे कान. बातमी अर्ध्यात आली की जाहिरातवाली बाई मधीच बोंबलाय लागती. फोनचा आवाज एकीकडं, ती एकीकडं. कुणाचं ऐकू? बंद करायची फुली असती म्हणं कोपऱ्यात. मला नुसतं ‘बटण, बटण’ ऐकू येतं. ती घावंस्तोवर पान पुन्हा पहिल्यापास्नं. किळस आली होती मला. म्हणून तर देवदत्त सरांनी आमच्यासाठी ही साइट काढली. आमा आंधळ्यांना फोन शिकवायचा वर्ग हाय त्यांचा सांगलीत. आपला नंबर टाकून आत जायचं, बास.”

“मला ऐकव.”

धुळाने आवाज पुन्हा चालू केला. त्याबरोबर पडदा पुन्हा काळा झाला.

“सरांनीच शिकवलंय. पडदा काळा ठेवायचा, बॅटरी वाचती, कुणी डोकावत न्हाई.”

स्वानंदीने पडदा उजळवायला लावला. फोन इतका भरभर बोलत होता की तिला नुसती गुणगुण ऐकू आली. रशीदा मात्र सवयीने ऐकत बोट सरकवत होती. जे वाचलं जाई त्याभोवती हिरवी चौकट उमटे. पहिली बातमी संपली आणि चौकट गायब झाली. गुणगुण चालूच होती. मग चौकट दुसऱ्या बातमीवर उगवली.

“फोन जुना हाय,” धुळा म्हणाला.

स्वानंदीने जीपची किल्ली उचलली. मुलाणी भावंडांना जीपमध्ये घेऊन ती विश्रामबागेत देवदत्त सरांच्या वर्गावर गेली. दोघांना ओसरीत बसवून ती धुळासह आत शिरली.

भिंतभर सन्मानचिन्हं. कपाटात घडी न मोडलेल्या शाली. सर पन्नाशीचे, शुभ्र झब्ब्यातले, आवाजात साखर.

“जाहिरात म्हणजे अंधांच्या वाटेवर पसरलेले खिळे, मॅडम. माझ्या साइटवर एक सापडली तर दाखवा. बातमी अख्खी एका पानावर. कुठे काही दाबायची भानगडच ठेवली नाही.”

“साइट बनवली कुणी?”

“मीच. दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही.”

“मग रशीदाचा नंबर बाहेर गेला कसा?”

“भोळी असतात हो ही मुलं. घाईघाईत ‘पुढे वाचा’ दाबतात आणि मग गळ्याशी येतं.” सरांनी सुस्कारा टाकला, आवाज खाली आणला. “शिवाय मुलगी वयात आलेली. मन असतंच की तिलाही. घरच्यांना काय सांगणार बिचारी?”

 समोर आलेला चहा तसाच ठेवून स्वानंदी बाहेर आली.

“रशीदा, ही साइट आणखी कोण ऐकतं?”

रशीदाने दोन नावं सांगितली. मलकापूरची वल्लरी फोनवर आधी ऐकूनच घेईना, मग रडायलाच लागली. तिलाही तसलेच फोन येत होते, लाजेपायी कुणाला बोलली नव्हती. तिची डोळस बहीण रोज तीच साइट बघायची. तिला एकही फोन नाही. मेढ्याचे गोपाळकृष्णकाका आंधळे, त्यांना जुगारवाले छळत होते.

आंधळ्यांना फोन, डोळसांना नाही. साइट तीच. स्वानंदीने कपाळावर हात मारला.

“धुळा, आपण दोघं गाढव. आंधळ्या मुलीचा फोन आवाज बंद करून तपासला.”

ती सगळ्यांना घेऊन पुन्हा आत गेली. सर उठून उभे राहिले.

“रशीदा, आवाजाचा वेग अगदी कमी कर आणि साइट वाच. अजमल, तुम्ही पडदा बघत राहा.”

पहिली बातमी संपली. हिरवी चौकट नाहीशी झाली. आणि फोन सावकाश, स्पष्ट म्हणाला, “पुढे वाचा. बटण.”

“पर हितं बटण न्हाईच!” अजमल ओरडला.

“न्हाई?” रशीदा चमकली. “ते तर दर बातमीनंतर असतं. मला वाटलं, सगळ्यांनाच दिसतं. दाबलं की पुढची बातमी येती.”

“येते,” स्वानंदी म्हणाली. “पण त्याआधी तुझा नंबर आणि तुझा होकार जाहिरातवाल्यांकडे पोचतो. ते बटण पडद्याच्या कडेपलीकडे ठेवलंय. डोळ्याला दिसत नाही, वाचणारा आवाज मात्र ते वाचतोच. डोळसाचं बोट तिथे कधी जाणारच नाही. म्हणून वल्लरीची बहीण सुटली. आणि काळा पडदा बॅटरीसाठी नव्हता. चौकट गायब होते हे घरातल्या कुणाच्या नजरेस पडू नये, म्हणून होता.”

“कुणीतरी हॅक केलं असेल!” सरांच्या आवाजातली साखर उतरली होती.

“मघाशी म्हणालात, दुसऱ्याचा हात लागत नाही. म्हणालात, दाबायची भानगड नाही. आणि लगेच म्हणालात, ‘पुढे वाचा’ दाबतात. जे बटण कुणालाच दिसत नाही, त्याचं नाव तुम्हाला कसं ठाऊक?”

सर बसले. 

“फुकट ऐकतात ही सगळी,” ते म्हणाले. “साइट काय हवेवर चालते? आणि कळत कुणाला होतं?”

वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो हा. जाहिरातींच्या घाणीतून पळून ही पोरं ज्याच्या आसऱ्याला आली, त्यानेच त्यांना गिऱ्हाइकांपुढे मांडलं. वर पोरीच्या चारित्र्यावर शिंतोडे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात!

“थुकावंसं वाटतंय, मॅडम,” धुळा म्हणाला, “पर फरशी चांगली हाय.” त्याने सरांचं मनगट धरून त्यांना उठवलं.

स्वानंदीने रशीदाचा फोन पाकिटात घातला. “हा आता पुरावा. मिळायला वेळ लागेल.”

रशीदाचा चेहरा उतरला. फोनशिवाय साताऱ्यात ती रस्ता कुणाला विचारणार, गाडी कशी धरणार?

अजमलने खिशातून स्वतःचा फोन काढला आणि तिच्या हातात ठेवला.

“ह्यात तुझा आवाज घाल.”

तिने फोन चाचपला. 

“भाई, बटण मीच दाबलं होतं.”

“व्हय,” अजमल म्हणाला.  “पर दाबून घेतलं त्यानं. आन मी त्याच्यावर इस्वास ठेवला, तुझ्यावर न्हाई.” त्याने नाक पुसलं. “सोमवारी साताऱ्याची पहिली गाडी कवाची हाय, बघ त्यात.”