जोडपाऊल

सारिका गायधनीची शाळेची गाडी वसाहतीच्या फाटकाशी थांबली की पोरं उतरत, आणि उतरल्याउतरल्या त्यांच्या दोन जाती पडत. मालकांची पोरं धावत, एकमेकांना ढकलत, चिखल बघून मुद्दाम त्यात उडी मारत. भाडेकरूंची पोरं चालत. एकामागं एक, पुढच्याच्या दप्तराला हात लावून, डावा उजवा, डावा उजवा. रस्त्यावर तसं चालायची काही गरज नव्हती. पाय आपोआप जुळत. शाळेत कवायतीचं बक्षीस दरवर्षी याच पोरांना मिळायचं आणि मुख्याध्यापिका भाषणात म्हणायच्या, "केवढी ही शिस्त!"

सारिका चालकाच्या जागेवरून ती शिस्त बघायची आणि तिच्या तोंडात शिवी यायची. मागं अजून पोरं बसलेली असत, म्हणून ती गिळायची.

ही शिस्त पालीनं लावली होती.

पाल म्हणजे पाऊलवेधी यंत्र. शिरवली महानगरपालिकेनं भाड्याच्या प्रत्येक घरात, दाराजवळ भिंतीच्या पायथ्याला बसवलेली, साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी. माणूस चालला की फरशीत बारीक कंप उठतो. टाच कशी टेकते, भार कुठल्या पायावर जातो, यावरून प्रत्येकाचा कंप निराळा. सहीवरून ओळखावं तसं त्यावरून माणूस ओळखता येतं. पाल ते कंप ऐकायची, घरात किती जण राहतात ते ठरवायची आणि पालिकेला कळवायची. कळवताना चुक् असा आवाज यायचा. म्हणून लोकांनी तिला पाल केलं.

नियम असा होता: भाड्याच्या दोन खोल्यांना तीन माणसं. चौथं माणूस आठवड्याहून जास्त राहिलं तर करार रद्द, मालकाला दंड आणि भाडेकरूला शिरवलीत पुन्हा घर नाही. पाणी पुरत नाही, गटारं तुंबतात, म्हणून हा नियम, असं पालिका म्हणायची. मालकांच्या घरात किती माणसं असावीत याला मात्र नियम नव्हता. त्यांची माणसं बहुधा पाणी पीत नसावीत.

सुरुवातीला लोकांनी माणसं कमी केली. कुणी म्हाताऱ्या बापाला गावी धाडलं, कुणी पोराला वसतिगृहात टाकलं. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की दोघांनी नेमकं एकदम पाऊल टाकलं तर पाल दोघांना एकच समजते. झालं! घराघरांत सराव सुरू झाला. भाऊ पुढं, भाऊ मागं. मोरीत जायचं तरी जोडीनं जायचं आणि तोंड फिरवून उभं राहायचं. याला नाव पडलं जोडपाऊल. पोरं ते चालायला शिकतानाच शिकत. एकटं पाऊल टाकलं की आईची चापट बसायची.

सारिकाच्या घराला याची गरज पडली नव्हती. ती, शीतगृहात कामाला असलेला नवरा प्रमोद आणि सासूबाई, ज्यांना ती आत्याबाई म्हणायची. बरोब्बर तीन. मग मुलीला, ऋतुजाला, दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी. यात विचार करण्यासारखं काही आहे असं सारिकाला वाटलंच नव्हतं. ऋतुजाच्या सासरी सासू नाही, नवरा पाळीपाळीनं रात्रीच्या कामाला. पोरीनं आईकडं नाही यायचं तर कुठं जायचं? सारिका रीतसर परवानगी मागायला प्रभाग कार्यालयात गेली. खिडकीतल्या माणसानं संगणकावर शोधलं.

"आजारी नातेवाईक चालेल, मयताचे दिवस चालतील. बाळंतपण पाहुण्यांच्या नियमात बसत नाही."

"मेल्यावर चालतं, जन्मल्यावर चालत नाही?"

"जन्मलेला परत जात नाही ना, ताई. माणूस वाढतं."

ती घरी आली आणि चपला काढायच्या आधीच प्रमोदला म्हणाली, "ऋताला बोलाव. जोडपाऊल करू."

"आणि कळलं तर? शिरवलीत पुन्हा छप्पर मिळणार नाही. आईला घेऊन कुठं जाऊ मी?"

खाटेवरून आत्याबाई कडाडल्या, "मला पुढं करू नकोस. मी काय फर्निचर आहे, हलवायची काळजी करायला? पोरीला आण."

ऋतुजा सातव्या महिन्यात आली. आईच्या खांद्यांवर हात ठेवून आईमागं चालू लागली. दोनतीन दिवसांत पाय जुळले, पण पोट मध्ये यायचं. "आई, तू हळू चाल ना, बाळ तुझ्या पाठीत लाथा घालतंय." सारिका स्वयंपाकाला उठली की ऋतुजाला उठावं लागे, ऋतुजाला मोरीत जायचं झालं की सारिकाला कणकेचे हात घेऊन पुढं व्हावं लागे. खाटेवरून आत्याबाई म्हणत, "निघाली वरात! नवरदेव कुठाय गं?" तिघी तोंडावर पदर, ओढणी, उशी, जे मिळेल ते दाबून हसत. पाल हसणं ऐकत नव्हती. तरी दाबत.

सारिका शाळेच्या फेऱ्यांना जाई तेव्हा ऋतुजा पलंगावर पाय वर घेऊन बसून राही. पोरांना घरी सोडून आई येईपर्यंत तहान लागली तरी उतरायचं नाही, असं ठरलेलं होतं.

नववा लागला होता. दुपारची वेळ. सारिका नुकतीच परतली होती आणि गॅसपाशी वरणाला फोडणी देत होती. ऋतुजाला वाटलं, दोनच पावलांवर तर मोरी आहे, आईला कशाला हाक मारायची. आई टाच उचलते कधी ते बघून तिनं पाऊल टाकलं. सारिका डबा घ्यायला मध्येच वळली. पोरीचा पाय आईच्या पायाशी जुळवायच्या नादात ओल्या फरशीवर सरकला.

धप्पकन आवाज झाला.

आणि सारिका धावली नाही. हातात मोहरीचा डबा, एक पाय अर्धा उचललेला, ती तशीच थिजली. खाली पडलेली ऋतुजा पोट धरून, दात आवळून, कुजबुजत होती, "हलू नकोस आई. हलू नकोस. पाल ऐकेल."

फोडणी जळाली. धूर झाला.

"अगं मेले, बघतेस काय?" आत्याबाई काठी आपटत खाटेवरून उतरल्या. "तुझं लेकरू आहे ते! उचल!"

तेव्हा कुठं सारिका भानावर आली. डबा टाकून ती धावली, फरशीवर पाय आपटत धावली, आणि दाराशी चुक् झालं.

पालिकेच्याच रुग्णालयात मुलगी झाली. दिवस भरायच्या आधी आली म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवलं. ऋतुजाचं रक्त खूप गेलं होतं. ती वाचली, पण डॉक्टरीण बाई सारिकाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जरा आधी आणायला हवं होतं हो." त्यात रागही नव्हता. तेच सारिकाला जास्त लागलं.

रुग्णालयात पत्ता लिहून घेतला होता. दुसऱ्याच दिवशी घरमालक पिंगळ्यांचा फोन आला. "सारिकाताई, माझ्या हातात काही नाही. नोटीस आलीय. आठवड्यात घर मोकळं करा. बाकी, पेढे कधी देताय?"

"मोकळ्या घरात या, तिथं देते," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मंगळवारी नोटिशीवर सुनावणी होती. प्रभाग कार्यालयाच्या दालनाबाहेर बाकांवर भाडेकरू दाटीवाटीनं बसले होते. कुणाला आईच्या आजारपणाची मुदत वाढवून हवी होती, कुणाला मेव्हण्याला महिनाभर ठेवायचं होतं. सगळे हळू बोलत होते. आत प्रभाग अधिकारी निनाद खर्डेकर बसला होता. तिशीतला, गोड बोलणारा. त्यानं तिला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, बाळाचं वजन विचारलं.

"एक सुचवू का?" तो म्हणाला. "तुम्ही लिहून द्या की मुलगी त्याच दिवशी भेटायला आली होती आणि दारात पडली. मी नोटीस मागं घेतो. फक्त तिथून ती बाळाला घेऊन सासरी जाईल. तुमच्याकडं यायचं नाही."

"पण ती तर दोन महिने माझ्याकडं होती."

"ते मला माहीत आहे." तो हसला. "जोडपाऊल ना? ताई, ते आम्हाला यंत्रं बसवली त्याच वर्षी, पावसाळ्याआधीच कळलं होतं. माणसं कितीही जुळवून चालली तरी दोन टाचा एका क्षणी टेकत नाहीत. यंत्राला दोन वेगळी माणसं स्पष्ट ऐकू येतात. तुमच्या मजल्यावर एका घरात सात जण आहेत."

सारिकाच्या डोळ्यांपुढं गाडीतून उतरणारी पोरं आली. डावा उजवा. ती चापट. मोरीत तोंड फिरवून उभे राहिलेले भाऊ.

"कळलं होतं, तर मग नोटिसा का नाही काढल्या?"

"सगळ्यांना काढल्या तर शहर कसं चालायचं? शाळेच्या गाड्या कोण चालवणार? रुग्णालयात रात्री कोण थांबणार?" तो खरोखरच समजावून सांगत होता, लहान मुलाला सांगावं तसं. "माणसं तर लागतातच. शिवाय बघा, केवढी शांत वस्ती आहे ही. पाणीकपात झाली, तक्रार नाही. बसभाडं वाढलं, मोर्चा नाही. उगाच कुणी आवाज करत नाही. तुमचंही प्रकरण आलं नसतं. रुग्णालयात नोंद झाली म्हणून नाइलाज झाला."

म्हणजे असं होतं तर. नियम मोडला जाऊ नये म्हणून नव्हताच. प्रत्येकानं तो मोडावा, चोरासारखं जगावं, आणि चोर काय तक्रार करणार, म्हणून होता. लोकांना वाटत होतं, आपण पालिकेला फसवतोय. त्या हुशारीचा त्यांना अभिमान होता. वाढदिवसाला जोडपावलांच्या शर्यती लावत होते येडे!

चहा आला. तिनं कपाला हात लावला नाही.

"सगळं ऐकू येतं म्हणालात," ती म्हणाली. "माझी पोर पडली तेही आलं असेल."

खर्डेकर पहिल्यांदाच अडखळला. "पडण्याचा कंप वेगळा असतो. मालकांच्या घरी वृद्धांसाठी ती सोय देतो आपण. कुणी पडलं की परस्पर रुग्णवाहिका निघते."

"आणि आमच्याकडं?"

"भाडेकरूंच्या यंत्रात तो निरोप बंद ठेवलाय. खर्चाचा भाग आहे. नोंद होते, पुढं जात नाही."

"नऊ महिन्यांची पोटुशी बाई पडली, हे तुम्ही लिहून घेतलंत आणि ठेवून दिलंत?"

"आवाज चढवू नका." त्याचा गोडवा गेला. त्यानं संगणकाचा पडदा तिच्याकडं वळवला. त्यावर आडवी एक रेघ होती, मध्ये एक उंच टोक, आणि त्यानंतर लांबपर्यंत काहीच नव्हतं, सपाट. "लगेच तर तुम्हीही हलला नाहीत, ताई. आईच होतात ना तुम्ही? ते पण इथं दिसतंय."

सारिका त्या सपाट रेघेकडं बघत राहिली. तिथं ती उभी होती, एक पाय उचलून. तिला वाटलं आपण रडू. रडू आलं नाही.

"हो," ती म्हणाली. "थांबले. माझं लेकरू खाली तळमळत होतं आणि मी थांबले. मरेपर्यंत मी ते विसरणार नाही. पण मला तसं थांबायला तुम्ही शिकवलंत, खर्डेकर, आणि मी थांबलेली असताना तुम्ही बघत होतात. मला घर जाण्याची भीती होती. तुम्हाला कसली होती?"

त्यानं कागद पुढं सरकवला, वर पेन ठेवलं. "नीट विचार करा. उद्या मायलेकींना घरी सोडणार आहेत. कुठं नेणार?"

तिनं पेन उचललं नाही. उठून दार सताड उघडलं आणि बाहेरच्या बाकांपुढं जाऊन उभी राहिली. सगळ्यांनी माना वर केल्या. तिनं काही लपवलं नाही. पालीला सगळं पहिल्यापासून कळत होतं, पडल्याचं कळत होतं, सगळं सांगितलं. खालच्या मजल्यावरची नीलोफर, जी चार वर्षं धाकट्या बहिणीला पाठीशी घेऊन चालत होती, भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. कोपऱ्यातला एक माणूस मात्र खवळला.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे बोलायला? तुमचं घर गेलंच आहे. आता आमचीही घालवा!"

"तुमचं घर आहे असं तुम्हाला वाटतं?" सारिका म्हणाली. "त्यांनी ठरवलं त्या दिवशी ते जाईल. भाडं थकवलंत म्हणून नाही, तोंड उघडलंत म्हणून जाईल."

दालनाच्या दारात खर्डेकर येऊन उभा राहिला होता. त्याच्यामागं शिपाई. कुणी हलत नव्हतं. थिजून बसायची सवय सगळ्यांच्या अंगात मुरली होती.

"माझ्या घरात," सारिका मोठ्यानं म्हणाली, भिंतींना, छताला, दारातल्या साहेबाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "मी राहते. माझा नवरा प्रमोद. माझ्या सासूबाई गंगूबाई. माझी लेक ऋतुजा. आणि तिची मुलगी, तिचं नाव अजून ठेवायचंय. उद्या त्या दोघींना मी तिथंच नेणार आहे."

मग ती त्या खवळलेल्या माणसाकडं वळली.

"दादा, तुमच्या घरात कोण कोण राहतं?"