खडूचं कडं

दापोडीहून हिंजवडीला जायचं म्हणजे सांगवी, जगताप डेअरी, वाकड असा रस्ता, आणि त्या काळात त्या रस्त्यावर मोटरसायकल पंक्चर होणं यात नवल ते काय! जिकडे पाहावं तिकडे इमारती उठत होत्या. डंपर खिळे आणि तारांचे तुकडे सांडत पुढे निघून जायचे, आणि मागून येणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांची चाकं बसायची. कंपन्या आल्या तसे वाकडच्या अलीकडे पंक्चरवालेही आले. चेतन ओव्हाळ त्यातल्या वैजनाथकडे जायचा, कारण वैजनाथ काम चालू असताना गिऱ्हाइकाला राजकारण ऐकवत नसे. पुण्यात हेही थोडं नव्हे.

चेतन टेस्टर होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका हुडकायच्या, हे त्याचं पोटापाण्याचं काम. चूक पुन्हा घडवून दाखवता आली तरच ती खरी, नाहीतर कुणीतरी झोपेत पाहिली असेल, असं तो ऑफिसात म्हणायचा. घरही त्याच वळणाचं. वडील सुखदेव खडकीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. बावीस प्रतिज्ञा त्यांनी भिंतीवर लावल्या होत्या आणि पाळल्याही होत्या. त्या घरात कुणाला दृष्ट लागत नसे. मांजर आडवं गेलं तर ते आपल्या कामाला गेलं असं समजायचे.

भीती होती ती एकच. निकिताला, चेतनच्या बायकोला, चौथा महिना होता आणि आधीच्या खेपेला मूल पोटात टिकलं नव्हतं. ती सांगवीच्या पतपेढीत नोकरीला होती आणि रोज सकाळी चेतनच्या मागे बसून जायची. चेतन खड्डा दिसला की गाडी जवळजवळ उभीच करायचा. या वेळी काही झालं तर निकिता त्यातून उठणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि आपणही उठणार नाही, हेही.

दिवाळी उलटल्यावर एकदा निकिताला सोडून पुढे जाताना मागचं चाक बसलं. वैजनाथने चाक खोललं, ट्यूब ओढून काढली, तिच्यात हवा भरली आणि अर्ध्या कापलेल्या पिंपातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत फिरवली. एका जागी बुडबुडे आले. त्याने ती जागा पुसून पिवळ्या खडूने तिच्याभोवती कडं काढलं. हा खडू मेणचट असतो, पाण्याने जात नाही. वैजनाथचा अंगठा कधीतरी टायर काढायच्या लोखंडी पट्टीखाली सापडून आखडला होता, त्यामुळे त्याचं कडं पुरतं मिटत नसे. एका बाजूला करंगळीएवढी फट राही. चुका टिपायची सवय, म्हणून ती फट चेतनच्या डोळ्यांत केव्हाच भरली होती.

ट्यूबच्या पलीकडच्या अंगाला आणखी एक कडं होतं. तसंच पिवळं, तशीच फट. चेतनने ते दाखवलं. वैजनाथने तो भाग पुन्हा पाण्यात धरला, दाबला, वाकवला. एक बुडबुडा येईल तर शपथ! मागचं कधीचं असेल, म्हणाला. पण मागचं असतं तर वर ठिगळ असतं. वैजनाथने रॉकेलचा बोळा फिरवून पाहिला. कडं गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा चाक बसलं. भोक त्या कड्याच्या मधोमध होतं. वैजनाथने टायर आतून चाचपला, बोटं फिरवली, फडकं फिरवलं. खिळा नाही, काच नाही, काटाही नाही. आणि ट्यूबवर थोडं पुढे तिसरं कडं होतं, बिनभोकाचं.

आता वैजनाथ चिडला. चेतनच खडू उचलून खोड्या काढतो आणि बघायला येतो, असं त्याला वाटलं असावं. चेतनला नेमकं उलट वाटत होतं. दोघंही एकमेकांकडे संशयाने बघत राहिले आणि मध्ये ती ट्यूब पाणी गाळत लटकत होती. शेवटी वैजनाथ पुटपुटला, हँडलला लिंबू-मिरची बांधून टाका. चेतन म्हणाला की आमच्यात ते चालत नाही, आणि गाडी काढून निघाला.

त्याने टेस्टरची अक्कल लढवली. नाना पेठेत जाऊन नवा टायर आणि पाकीटबंद ट्यूब घेतली, आणि घराजवळ दापोडीतल्याच एका दुकानात स्वतः उभं राहून बसवून घेतली. ट्यूब त्याने आधी हातात घेऊन सगळीकडून पाहिली. काळी, कोरी, पावडर लावलेली. वैजनाथचा हात तिला लागायचं कारणच नव्हतं. त्या दिवशी तो कितीतरी दिवसांनी शीळ घालत घरी आला, आणि सुखदेवांनी, काय रे, पगार वाढला का, म्हणून टोमणा मारला.

डिसेंबरात एका सकाळी सांगवीच्या पुलाच्या उतारावर तो नवा टायर एकदम बसला. गाडी शेपूट हलवल्यासारखी डावी-उजवीकडे झाली. मागून कंपनीची बस येत होती. ब्रेकची किंकाळी, डिझेलचा गरम वास, आणि निकिताची बोटं त्याच्या बरगड्यांत रुतलेली. बस हाताच्या अंतरावर थांबली. दोघं पडले नाहीत. निकिता खाली उतरली आणि दोन्ही हात पोटावर ठेवून फूटपाथवर बसली.

तिला रिक्षाने दवाखान्यात नेलं. सगळं ठीक होतं. मग तिला घरी सोडून चेतन एकटा परत आला आणि गाडी ढकलत ढकलत वाकडला नेली. जवळचं दुकान सोडून इतक्या लांब का, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

वैजनाथने ट्यूब काढली आणि हातातच धरून ठेवली. पावडर अजून तशीच होती. पावडरीखाली पिवळं कडं, त्यात भोक. आणि वीतभर पुढे दुसरं कडं, कोरं.

"हे मी नाही काढलं, साहेब," वैजनाथ म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

चेतनने ते मानलं. त्याने फक्त एवढंच सांगितलं की आधी भोकाला ठिगळ लाव, मग त्या कोऱ्या कड्यावरही लाव. आत्ताच. भोक पडायच्या आधी. चूक कुठे होणार हे कळलंय ना, मग ती होऊच द्यायची कशाला? त्याच्या धंद्यात यालाच शहाणपणा म्हणत.

वैजनाथने पहिलं ठिगळ लावलं आणि चिकटवायच्या सोल्युशनची नळी खाली ठेवली. भोक नाही तिथं ठिगळ लावत नाहीत, असं काहीतरी तो बोलला. कुणी शिकवलं, ते त्याला आठवत नव्हतं. तसं करत नाहीत, एवढंच. चेतनने आवाज चढवला.

"लावलं असतं हो," वैजनाथ म्हणाला, "पण मग ते भोक जाईल कुठं?"

आणि स्वतःच्याच बोलण्यावर तो ओशाळं हसला.

चेतनला हसू आलं नाही. डोळ्यांपुढे निकिताचे पोटावरचे हात होते. त्याने स्वतःच कानस घेतली, कड्याची जागा घासली, सोल्युशन लावलं, फुंकर घातली आणि मोठं ठिगळ कड्यावर नेमकं बसवून दाबून धरलं. कडं पूर्ण झाकलं. मग बराच वेळ तो अंगठ्याने दाबतच राहिला.

त्यानंतर चाक बसलं नाही. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. निकिता रिक्षाने जायला लागली होती, तरी चेतन रोज सकाळी गाडीला हात लावण्याआधी मागच्या टायरवर लाथ मारून बघायचा. टायर टणक.

मार्चमध्ये त्याला राहवेना. एका रविवारी त्याने घरासमोरच चाक खोललं. चूक सुटली की सुटली कशी तेही बघायचं, ही सवय. नवीन कडं कुठेही नव्हतं. त्याचं ते आगाऊ ठिगळ जागच्या जागी होतं. त्याने नखाने त्याची कड उचलली आणि हळूहळू सोलून काढलं.

खाली नुसतं काळं रबर होतं. कड्याचा मागमूस नव्हता. कानशीने गेलं असेल, त्याने मनाशी म्हटलं. पण ती पिवळी रेघ कानशीच्या ओरखड्यांनंतरही दिसत होती, हे त्याला चांगलं आठवत होतं. त्याने तो विचार झटकला आणि नवं ठिगळ लावलं.

एप्रिलच्या शेवटी मुलगी झाली. धडधाकट, घसा फोडून रडणारी. सुखदेवांनी चाळीत सगळ्यांना पेढे दिले आणि कुणाशी धड बोलता येईना, इतके त्यांचे डोळे भरून येत होते. निकिता हसायची, मध्येच रडायची, पुन्हा हसायची. चेतन मोटरसायकल पार विसरून गेला. एवढं सुख आपल्या वाट्याला येईल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

बाळाला न्हाऊ घालायला इंदुबाई यायच्या. मोरीत पाट टाकून, पाय लांब करून, पोरीला पायांवर घेऊन त्या तिला तेलाने रगडायच्या. चेतन ऑफिसला जाण्याआधी दारात उभा राहून बघायचा.

त्या सकाळी इंदुबाई डाळीच्या पिठाने पोरीचं डोकं चोळत होत्या. मग थांबल्या. पुन्हा चोळलं.

"ह्ये पिवळं काय हाय गं, जाता जात न्हाय ते," त्या म्हणाल्या.

निकिता आतून म्हणाली, हळद असेल. सुखदेवही तेच म्हणाले.

चेतन मोरीत जाऊन उकिडवा बसला.

पोरीच्या टाळूभोवती एक बारीक पिवळी रेघ होती. गोल. मानेच्या बाजूला करंगळीएवढी फट.

रेघेच्या आत टाळू मऊ होती, श्वासासारखी वरखाली होत होती. भरली नव्हती अजून.

इंदुबाईंनी रोजच्यासारखी तेलाची वाटी उचलली आणि टाळूवर ओतली. तेल त्या खोलगट जागेत जमा झालं, रेघेला टेकून थांबलं. पोर शांत पडून होती.

चेतन बघत राहिला.

तेलात एक लहानसा बुडबुडा वर आला आणि फुटला. मग दुसरा.