मातीचं अंगण

कर्रकन आवाज झाला आणि तिच्या लक्षात आलं, पायाखाली काहीतरी आलंय.

"जरा हलू नका हं!" समोरचा माणूस गुडघ्यांवर बसून जमीन चाचपडत होता. "माझा चष्मा पडलाय इथेच कुठेतरी."

"सापडलाय…" ती हळूच म्हणाली. "म्हणजे… त्याला आता चष्मा म्हणता येणार नाही."

शनिवारी सकाळी ती नेहमीसारखी ऑर्गनच्या सरावासाठी चर्चमध्ये निघाली होती. अंगणातून चालताना उद्याचं गीत गुणगुणत होती, नजर झाडांच्या शेंड्यांवर. आता मोजपट्टी घेऊन कुणी उलट्या पावलांनी चालत येईल, हे तिच्या स्वप्नात तरी आलं असतं का? धडक झाली, चष्मा उडाला आणि तिचं पुढचं पाऊल नेमकं त्याच्यावरच पडलं.

"मी नवा करून देते. समोर चष्म्यांचं दुकान आहे ना, ते माझंच."

तो उठला. डोळे किलकिले करून त्याने तिच्याकडे पाहिलं. "अच्छा! गिऱ्हाइकं अशी मिळवता होय?"

तिला हसू आवरेना. त्याला धड पायरीही दिसत नव्हती, म्हणून बाही धरून तिने त्याला रस्ता ओलांडून नेलं. परक्या माणसाची नुसती बाही धरली तर बोटं एवढी गरम का व्हावीत? त्याचा विचार करायचा नाही, असं तिने ठरवलं. ठरवलं म्हणजे झालंच, असं नाही.

दुकानात त्याला उंच खुर्चीवर बसवून तिने डोळ्यांवर भिंगांची चौकट चढवली.

"सगळ्यात खालची ओळ वाचा."

"दिसत नाही."

"त्याच्या वरची?"

"तीही नाही. तक्त्याशेजारी कुणीतरी उभं आहे, ते मात्र अगदी स्वच्छ दिसतंय."

"तक्त्याकडे बघा," ती दटावून म्हणाली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. विषय बदलावा म्हणून तिने विचारलं, "अंगणात काय मोजत होतात?"

"मी ठेकेदाराकडे इंजिनिअर आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट घालायचंय. गाड्या लावायला. झाडं मध्ये येतात, ती जातील. तुमच्या चर्चच्या कमिटीच्या अध्यक्षांनीच तर काम दिलंय."

भिंग बदलणारा तिचा हात हवेतच राहिला.

"अध्यक्ष म्हणजे… माझे बाबा आहेत."

घरी बाबांनी काही लपवलं नाही. "तुझी आत्या अंगणातल्या त्या चिखलात घसरली, खुबा मोडला. तेव्हापासून निम्मी म्हातारी माणसं उपासनेला यायची बंद झालीत. मला झाडं जास्त की माणसं?"

बाबांना अंगणाची माया नव्हती, असं नाही. पण बहिणीचा तो विव्हळण्याचा आवाज अजून त्यांच्या कानांतून गेला नव्हता. तिला ते कळत होतं, म्हणून ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "आत्यासाठी वाट करा ना, बाबा. गाड्यांसाठी मैदान कशाला?"

"वाट कशी करायची ते दाखव. मग बोल."

दाखवायला तिच्याकडे एकच माणूस होता. नवा चष्मा न्यायला तो आला, तेव्हा तिने दुकानाला कुलूप घातलं. "चला माझ्याबरोबर. नंबर बरोबर आहे का, ते बाहेर कळेल."

बाहेर भुरभुर सुरू झाली होती. ती त्याला चर्चच्या मागच्या उतारावर घेऊन गेली. खाली बैठ्या घरांची ओळ होती. एका दारात एक बाई उंबऱ्याला पोती लावत होती.

"ढग दिसले की पोती लावतात ही माणसं," ती म्हणाली. "निदान आमच्या अंगणातली माती बरंच पाणी पिते. उद्या तुम्ही तिचं तोंड बंद केलंत, तर ते पाणी कुठे जाईल?"

त्याच्या चष्म्याच्या काचांवर थेंब जमत होते.

"दिसतंय ना नीट?"

"दिसतंय," तो म्हणाला. "खरं सांगू? पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण मला गाड्या किती मावतील तेवढंच विचारलं होतं. आणि मी नाही केलं, तर दुसरा कुणी करणारच."

"मग दुसऱ्याला करू दे. तुम्ही करू नका."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिच्याकडे बघतच राहिला. "तुम्ही सगळ्यांशी अशाच बोलता?"

"नाही… ज्याच्याकडून आशा असते त्याच्याशीच."

मग रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की काउंटरवर कागद पसरू लागले. फाटकापासून दारापर्यंत दगडी फरशांची रुंद वाट, कडेला धरायला कठडा, पायऱ्यांच्या जागी उतरण. फरशांमध्ये फटी, म्हणजे पाणी मुरेल. ज्यांना चालवतच नाही, त्यांच्यापुरत्या गाड्या फाटकाशी. बाकी सगळी माती तशीच. एकाच पेन्सिलीसाठी दोघांचे हात पुढे जायचे आणि दोघंही "घ्या ना, घ्या" म्हणत बसायचे.

रविवारी उपासना संपल्यावर अंगणाचं ठरवायला मंडळी बसली. त्याने उभं राहून सरळ सांगितलं, "काँक्रीट आम्हीच घालणार होतो. पण ते घालू नये, असं माझं मत आहे." मागे बसलेल्या ठेकेदाराचा चेहरा असा झाला, की या इंजिनिअरच्या नोकरीचं काय होणार ते सगळ्यांनाच कळलं. तिचा जीव तुटला. त्याने मात्र शांतपणे नकाशा उलगडला.

एक गृहस्थ कुरकुरले, "चर्चने प्रार्थना करावी. झाडं सांभाळायला नगरपालिका आहे की!"

"देवाने माणसाला पहिलं काम दिलं ते बाग राखायचं," चर्चचे पाळक म्हणाले. "आणि खालच्या घरांत पाणी घालून आपण वर बसून शेजाऱ्यावर प्रेम करा म्हणायचं? माझ्या तोंडून नाही निघणार ते."

तेवढ्यात काठी टेकत आत्या उठली. "दादा, मी चिखलात घसरले. झाडावरून नाही पडले. माझं हाड मोडलं म्हणून त्यांचं खोड कशाला मोडतोस?"

हशा उसळला. बाबाही हसले, पण लगेच गंभीर झाले. "ठीक आहे. पण गाड्यांना जागा कमी ठेवली, तर म्हाताऱ्या माणसांना आणायचं कुणी? टाळ्या वाजवणारे हात नकोत मला. आणणारे हवेत."

तिने हात वर केला. "आमच्या गल्लीतल्या आजींना मी आणीन. दर रविवारी." मग कोपऱ्यातून एक हात वर आला. मग दुसरा. कुरकुरणाऱ्या गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं, आणि त्यांचाही हात आपोआप वर गेला.

नोकरी गेलीच त्याची. तरी वाटेच्या कामावर तो शनिवारी हजर झाला, बाह्या सरसावून. सगळी मंडळी मातीत उतरली होती. खालच्या घरातली ती बाईही कुदळ घेऊन आली होती. बाबा फरशा वाहत होते आणि आत्या सावलीत बसून सगळ्यांच्या चुका काढत होती.

फरशीखाली वाळू सारता सारता तो हळूच म्हणाला, "मला दुसऱ्या शहरात काम मिळालंय. सोमवारी निघतोय."

तिच्या हातातली थापी क्षणभर थांबली. "जा," ती म्हणाली.

"जा…? एवढंच?"

"जा, आणि येताना आईवडिलांना घेऊन ये. बाबांशी बोलायला लागेल ना कुणीतरी."

तो बघतच राहिला. कपाळावर माती, केस विस्कटलेले, आणि नजर मात्र जराही हलत नव्हती.

"हे… तू विचारतेयस, की सांगतेयस?"

"सांगतेय. माझं ठरलंय. तुझं?"

"माझं तर त्या पोत्यांच्या दारापाशीच ठरलं होतं," तो म्हणाला. "बोलायची हिंमत तेवढी नव्हती."

"अगं, काय पुटपुटताय दोघं?" सावलीतून आत्या ओरडली. "मोठ्याने बोला की, मला ऐकू येत नाही!"

ती उठली. हात झटकले, बाबांकडे एकदा पाहिलं, आणि मोठ्याने सांगितलं. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल, एवढ्या मोठ्याने.