तिसऱ्यांदा गळलेलं तेल

"यंजमाताई, कोणीतरी माझ्या तोंडाला काळं फासतंय," लुवसान दारातूनच म्हणाला.

यंजमाने खारट चहाचा वाडगा खाली ठेवला. वीस वर्षं तिने पोलिसांसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या होत्या. आता खासगी कामं घ्यायची. तिचा मदतनीस गोंचिग पूर्वी तिच्याच हाताखाली शिपाई होता. त्याच्या मते प्रत्येक गुन्ह्यामागे दुकानदार असतो. हे त्याला अजून एकदाही सिद्ध करता आलं नव्हतं, पण त्याने धीर सोडला नव्हता.

लुवसान गावातला जुना मेकॅनिक. सेंदमाने वसंतात एक वापरलेली रशियन व्हॅन घेतली होती आणि ती नदीपलीकडे उतारू नेत होती. व्हॅनच्या मागच्या अ‍ॅक्सलमधून तेल गळायचं. लुवसानने तेल अडवणारी रबरी ऑइल सील तीनदा बदलली. तिन्ही वेळा पहिल्याच फेरीत पुन्हा गळती. काल तर तेल ब्रेकवर उतरलं आणि नऊ माणसांसकट गाडी उतारावर थांबेना.

"आज दुपारी गाड्यांच्या अड्ड्यावर सगळे ड्रायव्हर बसणारेत. मी खोटी सील घालतो असं त्यांनी ठरवलं, की माझ्या दारात एक गाडी उभी राहायची नाही. एकोणतीस वर्षं हेच केलं, ताई. आता काय मेंढ्या वळू?"

गॅरेज म्हणजे लोखंडी कंटेनर आणि पुढे अंगण. व्हॅन ठोकळ्यांवर चढवलेली होती, मागची चाकं काढलेली. दोन्ही ब्रेक ड्रम तेलाने ओले होते.

"ब्रेकचं तेल असेल," गोंचिग म्हणाला.

"वास घे."

गोंचिगने घेतला आणि नाक मुरडलं. कुजक्या अंड्यासारखा वास होता, तेलही दाट. म्हणजे अ‍ॅक्सलचंच.

यंजमाने सील हातात घेऊन कडेवरून नख फिरवलं. कुठे चीर नाही, झीज नाही. "तेल जास्त भरलं होतंस?"

"भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत. एक थेंब जास्त नाही. दर वेळी गाडीत दगड भरून खिंड चढून आलो. थेंब गळला नाही! सेंदमा घेऊन गेली, की गळती."

यंजमा गाडीखाली सरकली. अ‍ॅक्सलवर बोटभर वाळलेला चिखल होता. वरच्या अंगाला करंगळीएवढी नळी होती. तापलेली हवा बाहेर पडायची ती वाट. तेवढी मात्र लख्ख होती.

"ती उघडीच आहे," लुवसान म्हणाला. "तिन्ही वेळा फुंकून पाहिली."

यंजमाने नळीवरून बोट फिरवलं आणि ते गोंचिगच्या नाकापुढे धरलं. "कसला वास येतो?"

गोंचिगने डोळे मिटले. "ताई, मला भूक लागली."

लुवसानला हसू आलं नाही.

सुट्या भागांचं दुकान चोइजिलचं. गोंचिगने त्याला आल्या आल्या फैलावर घेतलं. "दर वेळी नवी सील, म्हणजे दर वेळी तुझी विक्री. हो ना?"

"अरे बाबा, माझ्याकडची फक्त पहिली जोडी!" चोइजिल उसळला. "दुसरी त्याने समोरच्या दुकानातून घेतली, तिसरी राजधानीतून मागवली. तीही गळली. आता राजधानीही माझीच म्हण!"

गोंचिगचा चेहरा पडला. दुकानदार पुन्हा सुटला होता.

सेंदमा अड्ड्यावर भेटली. रागाने धुमसत होती. "लुवसानदादावर डोळे मिटून भरवसा ठेवला. काल नऊ माणसं मेली असती! पहिल्या गिअरवर सरपटत घरी आणली गाडी."

"वाटेत गाडीला कोणी हात लावतं?"

"कोण लावणार? नदीत गाडी घालायच्या उथळ जागेपाशी बाबांचा तंबू आहे. जाताना तिथे थांबते. बाबा चाकांवर दूध शिंपडतात, खाली पडून गाडी तपासतात. येतानाही तपासतात. दूध शिंपडलं की गाडीतून उतरायचं नाही, ही आमच्याकडची रीत, म्हणून मी आतच बसून असते. मग पाण्यातून पलीकडे, ते थेट तिकडच्या गावापर्यंत. आणि ऐका, लुवसानच्या हातात आता पूर्वीचं कसब राहिलं नाही, हे बाबांनीच सांगितलं मला."

बरोबर आलेल्या लुवसानने मान खाली घातली. सेंदमाचे वडील झामसरान हे त्याचे उस्ताद. गोंचिगला ते बघवेना.

"चला, नदीवर," यंजमा म्हणाली. "सेंदमा, तूही ये."

झामसरान तंबूत मांस कापत बसला होता. त्याने सगळ्यांना चहा दिला. लुवसानला शेवटी दिला.

"सील चांगली आहेत," यंजमा बोलू लागली. "तेल बेताचं आहे. तरी दोन्ही चाकांतून एकदम गळतं. म्हणजे आतून दाब येतोय. अ‍ॅक्सल तापला की हवा फुगते. नळी बुजलेली असेल, तर ती हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते."

"पण नळी उघडी होती!" लुवसान म्हणाला.

"गॅरेजमध्ये उघडी, रस्त्यावर बंद. सगळीकडे चिखल आणि नळी तेवढी स्वच्छ, म्हणजे तिला वरचेवर कोणाचा तरी हात लागतो. त्या हाताला मेंढीची चरबी असते. गोंचिगला उगाच भूक नाही लागली. तू खिंडीत गेलास तेव्हा गळलं नाही, कारण खिंडीच्या वाटेवर नदी नाही. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा गाडीखाली जाणारा माणूस एकच आहे."

सेंदमाच्या हातातला वाडगा लवंडला. "बाबा?"

मुलीने गाडी चालवू नये म्हणून म्हाताऱ्याने हे केलं, असं गोंचिगला वाटलं आणि त्याला संताप आला. पण झामसरानने शांतपणे अंगरख्यातून एक लाकडी खुंटी काढली. तिला चरबीत भिजवलेलं, लोकरीच्या नमद्याचं फडकं गुंडाळलेलं होतं.

"हे होय? हे तर बूच. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात शिरला की नळीतून पाणी ओढतो, मग आतली गिअरं खलास. म्हणून पाण्याआधी बूच लावायचं, पलीकडे गेल्यावर काढायचं. लुवसान, तुला शिकवलं नव्हतं?"

"शिकवलंत, उस्ताद. पलीकडे उतरून बूच काढायला मीच तर असायचो. पण आता ट्रक लांबच्या पुलावरून जातात. ही रीत कधीच संपली, असं मला वाटलं."

"मला कधी सांगितलंत?" सेंदमा म्हणाली.

"त्यात सांगायचं काय? ड्रायव्हरला एवढं..." झामसरान थांबला. "म्हणजे तू काढतच नव्हतीस? येताना ते लागलेलं असायचं, मी काढून घ्यायचो. मला वाटलं, परतीच्या पाण्यासाठी तूच लावलंस."

त्याने हातातल्या खुंटीकडे पाहिलं.

"नऊ माणसं होती गाडीत?"

"हो, बाबा."

म्हाताऱ्याने खुंटी चुलीत टाकली.

"उस्ताद, मी नळीला रबरी पाइप जोडून वर गाडीच्या अंगात नेतो," लुवसान घाईने म्हणाला. "मग बूच लागणारच नाही. अड्ड्यावर सांगतो, सील खराब निघाली. तुमचं नाव कशाला..."

"गप्प बस."

झामसरानने ठेवणीतला अंगरखा काढून अंगात चढवला. बटणं लागेनात. सेंदमाने ती लावली. गोंचिगला मघाच्या आपल्या संतापाची लाज वाटली.

यंजमाच्या जीपमधून सगळे परत निघाले. अड्ड्यावर म्हातारा उतरला, तेव्हा वीस-बावीस ड्रायव्हर उठून उभे राहिले; निम्मे त्यानेच घडवलेले. त्याने लुवसानचा हात धरून त्याला सगळ्यांच्या मधोमध नेलं.

"बसा," झामसरान म्हणाला. "मी याची माफी मागायला आलोय."