तार बांधलेला पंखा

ही गोष्ट खरी आहे. पटो न पटो, पण जळगावात लीलाधर पाटलाचा उजवा हात ज्यांनी पाहिलाय, ते हिच्यावर हसत नाहीत.

१९९९ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. रात्र नव्हती, अमावस्याही नव्हती. भर दुपार होती.

लीलाधर लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. कॅमेरा खांद्यावर घेतला की त्याचा हात केसभरही हलायचा नाही. त्या हातासाठी भडगावपासून यावलपर्यंत बोलावणी यायची. त्या हातावरच घर चाललं होतं.

कॅसेटचं मिक्सिंग त्याची बायको रेशमा करायची, कॉम्प्युटरवर. फिजिक्स शिकलेली. बोलणं कमी, काम नेमकं.

ऊन वाढलं तसा कॉम्प्युटर अडू लागला. ग्राफिक्स कार्ड इतकं तापायचं की पडद्यावर नवरीचा चेहरा चौकोनाचौकोनांत फाटायचा. कार्डावर पंखा नव्हताच. काडेपेटीएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा, बस. त्यावर बसवायचा कूलर जळगावात मिळेना.

मग भंगारवाल्या जीवरामने एक आणून दिला. सोनगीरकडच्या बंद पडलेल्या, कापसाच्या जिनिंग मिलच्या पॅनलमधला. ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा, वर छोटा पंखा, आणि भोवती गुंडाळलेली जाड तांब्याची तार.

जीवराम उंबऱ्यातच उभा राहिला.

"वहिनी, आज नका बसाडू. आज आखाजी शे. आज कोनी मशीनले हात लावस का?"

"जीवरामभाऊ, तुम्ही भंगार विका. प्रवचन नको," लीलाधर हसला. "सांजोऱ्या खाऊन जा."

जीवराम थांबला नाही.

रेशमाने कार्ड काढलं. जुना तुकडा जपून उचकटला, चिप स्पिरिटने पुसली. मग ठोकळा हातात घेतला. त्याच्या पात्यांमध्ये काहीतरी तपकिरी वाळून बसलं होतं.

जुनी पेस्ट असेल.

तिने स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा... लाल झाला.

गंज असेल, तिने स्वतःला सांगितलं. ॲल्युमिनियमला लाल गंज चढत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने दुसरा बोळा घेतला.

चिपवर पांढरी पेस्ट लावून तिने ठोकळा बसवला. त्याचे स्क्रू कार्डाच्या भोकांना जुळेनात. मग तीच तांब्याची तार तिने कार्डाभोवती फिरवली आणि पकडीने पीळ दिला. घट्ट.

कॉम्प्युटर सुरू केला. पंखा फिरला. नवरीचा चेहरा अखंड दिसला.

लीलाधरने कार्डाला बोट लावलं. "वा मास्तरीणबाई! आता याला शाल पांघरावी लागेल."

बाहेर कडुलिंबाला झोके बांधलेले होते. सासुरवाशिणी माहेरी आल्या होत्या. सकाळपासून त्यांची गाणी चालली होती.

ती गाणी... थांबली.

हळूहळू नाही. मध्येच. शब्द अर्धा ठेवून.

आणि पंखाही थांबला.

"थांबा, मी बटण बंद करते," रेशमा म्हणाली.

"अगं, बोटाने जरा ढकलतो. एवढासा पंखा, हात खाणार आहे का माझा?"

त्याने कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात हात घातला.

घर्र... खट. घर्र... खट.

तो आवाज त्या पंख्याचा नव्हता. जमीन हादरत होती. लीलाधरचं बोट पात्यांमध्ये ओढलं गेलं. मग दुसरं. मग अख्खा पंजा. तीन इंचांच्या पंख्यात माणसाचा पंजा मावत नाही. तो मावला. हाडं मोडल्याचा आवाज रेशमाने स्पष्ट ऐकला... कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या मोडतात तसा.

लीलाधर किंचाळला. त्याचा चेहरा डब्याच्या पत्र्यावर आपटला. पुन्हा आपटला. कपाळ फुटलं. हात कोपरापर्यंत आत.

रेशमाने प्लग उपटला.

वायर तिच्या हातात होती. आणि पंखा फिरत होता.

डब्यातून पांढरं काहीतरी उडू लागलं... कापूस. पिंजलेला, ओलसर. भिंतीला चिकटताना लाल होणारा.

तिने नवऱ्याच्या कमरेला मिठी घालून मागे ओढलं. तो आणखी आत गेला. त्याचा खांदा निखळला.

तेव्हा डब्यातून कोणीतरी बोललं. लीलाधर तर नुसता ओरडत होता. हा दुसराच गळा होता. दमलेला.

"तार तोड वं बहीन... तार तोड."

तिने टेबलावरचा कटर उचलला. रक्ताने तो निसटत होता. आत खुपसला, चाचपडला, दाबला.

कट.

सगळं थांबलं. बाहेर गाणं उरलेल्या अर्ध्या शब्दापासून सुरू झालं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कोणत्या मिलमध्ये झालं?"

"घरी," रेशमा म्हणाली.

डॉक्टरांनी चिमट्याने जखमेतून कापसाचा धागा काढला. मग एक सरकी. हात वाचला. बोटं गेली. अंगठा राहिला.

जीवराम भेटायला आला, तो पायरीवरच बसून रडला.

"त्या मिलमा वना नावना मजूर व्हता, वहिनी. मालकनी आखाजीले बी मिल चालू ठेवी. मशीन कोनी थांबाडाले नको म्हनीसन बंदना बटनले तार बांधेल व्हती. माले वाटनं, तार तांबानी शे, वहिनीले कामले यी..."

वनाचा डावा हात रोलरमध्ये गेला होता. उजवा हात शेवटपर्यंत बटण दाबत होता. तारेमुळे ते दबलं नाही.

तो ठोकळा रेशमाने गिरणा नदीच्या डोहात टाकला.

लीलाधरने कॅमेरा विकला. ज्याचा हात हलायचा नाही, त्याचा हात आता थांबत नाही. दुपारी डोळा लागला की तो उजवीकडे सरकतो, वर उचलला जातो, आणि अंगठा हवेत काहीतरी दाबतो. जोर लावून. शिरा फुगेपर्यंत.

त्याला झोप तरी लागावी म्हणून एकदा रेशमाने तो हात मऊ फडक्याने पलंगाला बांधला.

भिंतीच्या आतून... घर्र... खट.

फडकं सोडायला ती धावली, तोवर त्याचं मनगट सुजून काळं पडलं होतं.

तेव्हापासून ती त्या हाताला काही बांधत नाही. घड्याळ नाही, राखीसुद्धा नाही. उशाशी बसून नुसती बघते.

अंगठा दाबतो... थांबतो... ऐकतो.

आणि पुन्हा दाबतो.