चौथी चौकट

ही घटना खरी आहे. अशा कथांच्या आरंभी प्रत्येक जण हेच लिहितो, याची मला कल्पना आहे. म्हणून एवढेच नमूद करतो की मी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, आणि जे मी स्वतः पाहिले नाही ते इथे पाहिले म्हणून लिहिलेले नाही.

साल २०१९. मे महिना. रमजान सुरू होता. जुन्या पनवेलमध्ये, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमची इमारत आहे.

रात्र नव्हती. दुपार होती. लख्ख ऊन होते.

माझ्या वरच्या घरात ताहिरा राहत असे. तिची लहान मुलगी हादिया, आणि ती. नवरा ओवेस मस्कतला एका गोदामात नोकरीला होता. मुलगी डोळ्यांसमोर मोठी व्हावी म्हणून त्याने हॉलमध्ये इंटरनेटवर चालणारा, मान फिरवणारा एक कॅमेरा बसवून घेतला होता. तिकडे मोबाइलवर तो घर पाहायचा.

ऐकायचाही.

त्या दुपारी ताहिरा माझ्या दारात आली, सोबत ओवेसची थोरली बहीण फरहा. ताहिराचे डोळे सुजलेले होते.

"सर, कॅमेऱ्यात आपोआप आवाज येऊ शकतो का?"

"कसला आवाज?"

फरहाच बोलली.

"पुरुषाचा. ओवेसने ऐकलाय. दुपारी ही आत पडलेली असते, आणि हॉलमध्ये कोणी बाप्या हादियाशी गप्पा मारतो. पोरगी हसते. त्याला मामा म्हणते. आणि सर, आमच्या ताहिराला भाऊ नाही."

"बाजी, मी कुराणावर हात ठेवून सांगते..."

"अगं, मी काही म्हटलं का तुला? उलट सरांकडे घेऊन आले. ओवेस म्हणतो, ईदला येईन तो फैसला करूनच जाईन."

'फैसला' हा शब्द तिने हलक्या आवाजात उच्चारला. त्याचा अर्थ मला विचारावा लागला नाही.

"तो माणूस कॅमेऱ्यात दिसत नाही?" मी विचारले.

"चलाख आहे म्हणे. कॅमेऱ्याच्या मागे उभा राहतो."

मी लॅपटॉप सोबत घेतला आणि आम्ही वर गेलो. कॅमेरा टीव्हीच्या फळीवर होता. त्याच्या मागे भिंत होती. मध्ये हात घालण्याइतकीही जागा नव्हती.

मला हायसे वाटले. अशा कॅमेऱ्यात माइक असतो, तसा छोटा स्पीकरही असतो. ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो कुठूनही घरात पाहू शकतो आणि घरात बोलू शकतो. असे उघडे कॅमेरे शोधत फिरणारी माणसे इंटरनेटवर असतात. म्हणजे कोणी परका हादियाशी कॅमेऱ्यातूनच बोलत होता, आणि ओवेसला तो घरात असल्याचा भास होत होता.

मी कॅमेरा बसवणाऱ्या शिवाला फोन लावला.

"पासवर्ड ना सर? सगळ्यांचा एकच. दुकानाचं नाव, पुढे एक-दोन-तीन. लोक विसरतात हो! मग भर जेवणातून उठवतात मला."

"म्हणजे तुमचं एक गिऱ्हाईक दुसऱ्याच्या घरात बघू शकतं."

"कोण बघतंय सर? पनवेलात एवढा टाइम कोणाला हाय?"

मी फोन ठेवला आणि दोघींना सर्व समजावून सांगितले. फरहाने सुस्कारा सोडला.

"बघ, मी म्हटलंच होतं. रमजानात शैतान कैद असतो. हे माणसाचंच काम."

तिचा आणि माझा निष्कर्ष एकच होता. कारणे वेगळी होती.

मी कॅमेरा मूळ स्थितीत आणला आणि नवा पासवर्ड दिला. लांब, अर्थहीन, अक्षरे आणि अंक मिसळलेला. तो मी मनातच तयार केला. कागदावर लिहिला नाही. कोणाला सांगितला नाही. लॅपटॉपचा पडदा माझ्याकडे वळवून टाइप केला.

खरे तर काम इथे संपले होते. परंतु ओवेसशी बोलण्यापूर्वी खात्री करणे मला आवश्यक वाटले. मी घरातला वाय-फाय बंद केला आणि कॅमेरा एका वायरने थेट माझ्या लॅपटॉपला जोडला. लॅपटॉपचेही इंटरनेट बंद केले.

आता जगातला कोणीही त्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचू शकत नव्हता.

मी कॅमेऱ्याच्या बाजूला बसलो होतो, चित्राच्या बाहेर. समोर ताहिरा, फरहा आणि जमिनीवर खेळणारी हादिया. या कॅमेऱ्याला माणूस ओळखता येतो. ज्याला तो माणूस समजतो त्याच्याभोवती पडद्यावर हिरवी चौकट काढतो.

ताहिराभोवती एक चौकट. फरहाभोवती एक. हादियाभोवती एक.

आणि...

स्वयंपाकघराच्या दाराशी, रिकाम्या चटईवर, चौथी.

अशी चूक होते. सावली, खिडकीचा हलणारा पडदा, काहीही पुरते. मी खिडकी लावून घेतली. पंखा बंद केला. चटईवरचा तक्क्या उचलायला सांगितला.

चौकट तिथेच राहिली. बसलेल्या माणसाच्या उंचीची.

"फरहाबाई, जरा त्या चटईवर जाऊन बसता?"

"का हो? तिकडे काय आहे?"

"काही नाही. कोन तपासतो."

फरहा कमरेवर हात ठेवत उठली, पुटपुटत गेली आणि चटईवर बसली. पडद्यावर तिची चौकट तिच्यासोबत सरकली. आणि...

चौथी चौकट बाजूला झाली.

एखाद्याने सरकून जागा करून द्यावी, तशी.

मी पडद्यावरून नजर उचलून चटईकडे पाहिले. फरहा होती. शेजारी मोकळी फरशी होती.

"मामा," हादिया त्या फरशीकडे पाहत म्हणाली, "आज का बोलत नाहीस?"

ताहिराने तोंडावर हात ठेवला. मी सर्वांना बोटानेच गप्प राहण्याची खूण केली.

पडद्याच्या तळाशी एक पट्टी असते. माइकमध्ये आवाज शिरला की ती वर चढते. शांतता असली की सपाट राहते. लॅपटॉपचा आवाज मी आधीच बंद ठेवला होता, अन्यथा माइक आणि स्पीकर एकमेकांना ऐकून किंचाळू लागतात.

खोलीत पूर्ण शांतता होती. मला माझा श्वास ऐकू येत होता.

पट्टी सपाट होती.

मग...

ती चढली. उतरली. थांबली. पुन्हा चढली. माणूस सावकाश वाक्य बोलतो आणि मध्ये श्वास घेतो, तसे.

आमच्या कानांवर काहीही पडले नाही.

हादिया खुदकन हसली.

माझी सारी उपपत्ती त्या क्षणी कोसळली. आवाज कॅमेऱ्यातून बाहेर येत नव्हता. तो खोलीतून कॅमेऱ्यात जात होता. म्हणूनच ताहिराने तो कधी ऐकला नव्हता, आणि ओवेसने ऐकला होता.

माझ्या खिशात इअरफोन होते. ते लॅपटॉपला लावले असते तर तो काय बोलतो ते मला कळले असते.

मी लावले नाहीत. याचे शास्त्रीय कारण माझ्यापाशी नाही.

मी वायर उपटली.

"काय झालं सर?" फरहाने विचारले. पडदा त्या दोघींना दिसत नव्हता.

"काही नाही. हा कॅमेरा मी घेऊन जातो. पुन्हा बसवू नका."

"आणि ओवेस?" ताहिराचा आवाज फुटला. "सर, तुम्ही सांगाल ना त्यांना? माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

मी तिच्याकडून नंबर घेतला आणि खाली आलो. मी एकटा राहतो. दार लावले, कॅमेरा टेबलावर ठेवला आणि मस्कतला फोन लावला.

ओवेसने नमस्कारही पुरा होऊ दिला नाही.

"सर, एकच सांगा. घरात कोणी येत होतं का?"

"कॅमेऱ्याचा पासवर्ड उघडा होता. कोणीही आत शिरू शकत होतं. तुमच्या घरात कोणीही माणूस येत नव्हता."

शेवटचे वाक्य मी शब्द तोलून उच्चारले. आजही ते मला खोटे वाटत नाही.

मग तो रडू लागला.

"काय काय बोललो मी तिला, सर. रोज्याच्या तोंडाने."

"हे मला नको सांगू. तिला फोन कर."

"करतो. आत्ता करतो." त्याने नाक ओढले. "फक्त... सर, त्यांना जरा सावकाश सांगायला सांगा ना. लिहून घेतोय."

"कोणाला?"

"तुमच्या बाजूला बोलतायत त्यांना. नवा पासवर्ड सांगतायत ना? कॅपिटल के, सात, एम, मग पुन्हा सात... पुढचं निसटलं."

माझ्या घरात कोणी नव्हते. टीव्ही बंद होता.

के, सात, एम, सात. पासवर्डची सुरुवात तीच होती.

"तो पासवर्ड रद्द झाला," मी म्हणालो. "लिहून घेऊ नकोस."

आणि फोन ठेवला.

ओवेस ईदला आला. फैसला झाला नाही. पुढे त्याने दोघींना मस्कतला नेले. कॅमेरा मी प्रयोगशाळेत उघडून पाहिला. त्यात जे असायला हवे तेच होते. शिवाला मी प्रत्येक गिऱ्हाइकाचा पासवर्ड वेगळा ठेवायला लावले. कॅमेरा शयनगृहात नको, वापर नसेल तेव्हा त्याची वायर काढा, पासवर्ड कोणाला सांगू नका, हे मी आजही सर्वांना सांगतो. हा सल्ला बरोबर आहे. घरी आलो की मात्र त्यातले शेवटचे कलम मला अपुरे वाटते.

काही महिन्यांनी ताहिराचा फोन आला. आवाजात सुख होते. हादिया शाळेत जाऊ लागली होती.

"आणि सर, तिकडून आल्यापासून मामाचं नावसुद्धा काढत नाही. एकदाही नाही. सुटलो बाई!"

छान झाले, असे मी म्हणालो. मला मात्र ते ऐकून बरे वाटले नाही.

ती आणखी काही सांगणार होती. मध्येच थांबली.

"तुमच्याकडे कोणी आलंय वाटतं," ती अदबीने म्हणाली. "बोला तुम्ही त्यांच्याशी. मी नंतर करते."