पूर्ण टीमचा राजीनामा

हेरंब सबनीस मला पहिल्यांदा दिसला तो माझ्या जागेवर बसलेला. ऑफिसच्या कॅबमध्ये ड्रायव्हरच्या मागची, खिडकीजवळची सीट माझी, हे सगळ्यांना माहीत होतं. कॅब आधी मुनिरकाला जायची, मग द्वारकेला वळसा घालून मला घ्यायची आणि कापसहेडा बॉर्डरवरून गुडगावात शिरायची. मेट्रोचा तेव्हा तिकडे पत्ता नव्हता. डिसेंबर संपत आला होता आणि धुकं असं की आमच्या सोसायटीचं गेटसुद्धा दिसेना. दार उघडलं, तर हा आत मफलर गुंडाळून, मांडीवर डबा धरून बसलेला.

"भाईसाहब, ये मेरी सीट है."

तो सरकला. पण सरकताना पुटपुटलाच, "नाव कोरलंय जसं काही."

"कोरायचं राहिलंय," मी म्हणाले. "उद्या छेनी घेऊन येते."

त्याचे कान लाल झाले. मग माझ्याकडे न बघता, हळूच — "छिन्नी म्हणतात."

बघा! पकडला गेलाय, लाजलाय, तरी माझं मराठी सुधारायची खाज आहेच. मी दिल्लीत वाढलेय, बाबांची नोकरी केंद्र सरकारची, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. माझ्या मराठीत थोडी भेसळ असणारच ना यार!

बॉर्डरला जॅम लागला. हा दर मिनिटाला घड्याळ बघत होता. आमच्याकडे नऊचा नियम होता. सव्वानऊनंतर आलात की अर्धी रजा गेली, मग कारण काही असो.

"पहिलाच दिवस आहे हो माझा," तो म्हणाला. "क्लेम्स टीमचा मॅनेजर म्हणून. पुण्याच्या ऑफिसातून आलोय."

मला इतकं हसू आलं! क्लेम्स टीमचा मॅनेजर म्हणजे ज्याच्यासाठी गेला महिनाभर मी भाषण घोकत होते, तोच. मी एचआरमध्ये. माझी स्कीम अशी, की टीमला तिची वेळ तिनंच ठरवू द्यायची. कोण सातला येणार, कोण अकराला, हे आपसात वाटून घ्या. फोनवर कुणी नाही असं होता कामा नये आणि त्या दिवसाचं काम त्या दिवशी संपलं पाहिजे. बाकी घड्याळाचं नाव काढायचं नाही.

"म्हणजे ज्याला वाटेल तेव्हा त्यानं यायचं?" हेरंबनं विचारलं.

"तुम्ही आज केव्हा पोचणार आहात?"

त्यानं पुन्हा घड्याळ बघितलं. आम्ही साडेनऊनंतर पोचलो आणि नव्या मॅनेजरची अर्धी रजा पहिल्याच दिवशी गेली. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

*

स्कीमला विरोध फक्त वरून असता तर मी लढले असते. विरोध खालूनही होता. भसीनसाहेब, म्हणजे आमचे गुडगावचे हेड, म्हणायचे, "बेटा, ये इंडिया है, ढील दोगी तो पतंग ही कट जाएगी." आणि टीम म्हणायची, हे नक्की काहीतरी काळंबेरं आहे. मीटिंगमध्ये पद्मजानं स्पष्टच विचारलं, "फ्लेक्सिबल मतलब बारह घंटे ना?" ती क्लेम्समधली सगळ्यात हुशार. द्वारकेतच राहायची, आणि तिच्या सोसायटीत पाण्याचा टँकर यायचा सकाळी साडेआठला. टँकर सोडला तर दिवसभर घरात थेंब नाही, घेतला तर अर्धी रजा गेली. जिला सर्वांत जास्त गरज, तीच सर्वांत जास्त संशय घेत होती. अनुरागला तर वाटत होतं, मी रविवार काढून घ्यायला आलेय.

त्यात भसीनसाहेबांनी सांगून टाकलं, की जानेवारी संपायच्या आत टीम आणि मॅनेजर दोघांची तयारी दाखव. नाहीतर परदेशातल्या क्लायंटच्या मागणीप्रमाणे पूर्ण क्लेम्स टीम रात्रपाळीत. पद्मजाचं मूल दीड वर्षाचं. ती नोकरी सोडणार, हे उघड होतं. आणि तिला ते सांगायचं काम कुणाचं? माझं.

मग मी कॅबमध्ये हेरंबच्या मागे लागले. रोज जाताना तास-सव्वा तास, जॅम चांगला असेल तर जास्त. हो, चांगलाच म्हणते. कारण पहिल्या आठवड्यानंतर बॉर्डरला गाडी थांबली की मला बरं वाटायला लागलं होतं. मागच्या सीटवरचे दोघं घोरत असायचे आणि आम्ही भांडत असायचो.

"तुमचा तो नऊचा नियम म्हणजे नुसती चेष्टा आहे," मी म्हणाले.

"चेष्टा कोण करतंय?"

"मी करतेय ना! किती चेष्टा करतेय तुम्हाला पटवायची!"

तो हसायला लागला. हसताना मफलर नाकापर्यंत ओढून घ्यायची सवय होती त्याला. "अहो, चेष्टा म्हणजे थट्टा. तुम्हाला प्रयत्न म्हणायचंय."

"मग ते पण करतेय."

"काय, थट्टा?"

"दोन्ही!"

असं चालायचं. त्याचा डबा मुनिरकाच्या खोलीतला. खोलीत आणखी तिघं, नांदेड-परभणीकडचे, यूपीएससीवाले. त्यानंही दोनदा परीक्षा दिली होती, मग नोकरी धरली. थालीपीठ तो स्वतः करायचा आणि जाड करायचा. मी अर्धं तोडून घ्यायचे आणि वर नावंही ठेवायचे. एकदा काच पुसताना त्याचा हात माझ्या हातावर राहिला... आणि दोघांपैकी कुणीच तो उचलायची घाई केली नाही. बाहेर काही दिसत नव्हतंच, मग काच कशाला पुसत होतो देव जाणे.

पण कामाच्या बाबतीत त्यानं डोळे उघडे ठेवले, हे मानलं पाहिजे. पद्मजा उशिरा आली की तो तिची रजा कापायचा नाही, फक्त संध्याकाळी तिचं काम बघायचा. काम चोख. उलट नऊला येऊन खुर्चीत बसणारे दोघं तिसऱ्या प्रहरीच जांभया देत असायचे. शेवटी एक दिवस तो म्हणाला, "पटलंय मला."

"मग भसीनसाहेबांना सांगा ना!"

त्यानं डब्याचं झाकण लावलं. "मी प्रोबेशनवर आहे, क्षिप्रा. स्कीम फसली तर पहिली माझी गच्छंती. घरी धाकटी बहीण शिकतेय... थोडं थांबू या."

"थांबा," मी म्हणाले. "टीमला रात्रपाळीत पाठवल्यावर सांगा, सावकाश." त्या दिवशी मी थालीपीठ घेतलं नाही. राग आला होता, आणि रागापेक्षा वाईट वाटलं होतं. आवडत्या माणसानं कच खाल्ली की फार लागतं.

*

चौदा जानेवारीला त्यानं रजा घेतली. मुनिरकाची मराठी पोरं दरवर्षी त्या दिवशी पानिपतला जातात, काला अंबच्या स्मारकापाशी, लढाईत पडलेल्यांना नमस्कार करायला. हा त्यांच्याबरोबर गेला.

इकडे मी टीमला घेऊन बसले. या वेळी भाषण केलंच नाही. बोर्डापुढे पद्मजाला उभं केलं आणि खडू दिला. "तूच लिही, कोणाला काय जमतं." आधी कुणी हलेना. मग अनुराग म्हणाला, त्याला संध्याकाळी एमबीएचा क्लास असतो, तो सातला यायला तयार आहे. पद्मजा म्हणाली, मग मी अकराला येते, तुझे उरलेले फोन घेते. तिथून गाडी अशी सुटली, की जेवणापर्यंत सगळ्यांच्या वेळा ठरल्या, अदलाबदली झाल्या, दोन भांडणं होऊन मिटली. एकूण एक माणूस कबूल!

मी धावत जाऊन हेरंबला फोन लावला. राग विसरले. त्याच्या मागे घोषणा चालू होत्या, आवाज तुटत होता.

"काम झालं!" मी ओरडले. "पूर्ण टीमचा राजीनामा घेतलाय!"

"काय? कुणाचा?"

"सगळ्यांचा! पद्मजाचा पण! माझा तर पहिल्यापासून होताच."

पलीकडे घोषणा आणखी चढल्या. मग, "तुमचा पण?"

"मग! आता फक्त तुमचा बाकी आहे. तुमच्याशिवाय काय अर्थ आहे?"

फोन कटला. मला वाटलं, रेंज गेली.

चारच्या सुमारास भसीनसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आत हेरंब उभा. बुटांना चिखल, केस उडालेले, मफलर कुठेतरी पडलेला. पानिपतहून रोडवेजची बस, मग ऑटो, असा धावत आलेला.

"ये क्या सुन रहा हूँ, क्षिप्रा?" भसीनसाहेबांचा चेहरा उतरला होता. "पूरी टीम इस्तीफ़ा दे रही है? तुम भी? और अब ये भी?"

मी तोंड उघडायच्या आत हेरंब माझ्याकडे वळला. आणि मराठीत, धापा टाकत — "न विचारता राजीनामा दिलास? इतका राग आला होता माझा? तू गेल्यावर मी इथं काय करू, क्षिप्रा? त्या कॅबमध्ये कुणाशी भांडू?"

तू! इतके दिवस अहो-जाहो करणारा माणूस, भर केबिनमध्ये, साहेबांसमोर — तू!

"क्या बोला?" भसीनसाहेबांनी विचारलं.

"कुछ नहीं सर," मी म्हणाले. "प्रोसेस के बारे में."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. राजीनामा! दिल्लीत भांडण मिटलं, सगळे कबूल झाले, की राजीनामा झाला म्हणतात. आमच्या कोपऱ्यावरच्या चौकीत रोज दोन राजीनामे होतात. मराठीत त्याचा अर्थ नोकरी सोडणं असा होतो, हे मला कुणी सांगायचं? आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी सरकारी नोकरी सोडलेली नाही, तो शब्द कानावर पडणार कुठून?

भसीनसाहेब घाम पुसत म्हणत होते, "ठीक है, ठीक है, दे दो इनको जो टाइम चाहिए..." मी गप्प राहिले असते तर काम फत्ते होतं. मोह झाला, खोटं का बोलू? पण मग पद्मजाला मी काय सांगितलं असतं, की तुझ्या नावानं धमकी देऊन आणलंय?

"सर, इस्तीफ़ा किसीने नहीं दिया. राज़ीनामा दिया है. सब राज़ी हैं."

भसीनसाहेब खुर्चीत मागे रेलून असे हसले, की बाहेरचे लोक काचेतून डोकवायला लागले. "ओए सबनीस! राज़ीनामा मतलब रज़ामंदी, भाई!" हेरंबचा चेहरा बघवत नव्हता. मग साहेबांनी डोळे पुसले आणि सरळ बसले. "यानी कोई नहीं जा रहा. तो फिर जल्दी क्या है? देखेंगे."

संपलं. मीच माझ्या हातानं पतंग कापला होता.

"मैं जा रहा हूँ, सर," हेरंब म्हणाला.

त्याचं हिंदी म्हणजे आनंदच. "पहले मैं ग़लती से बोला. अब समझके बोलता. ये स्कीम सही है, मैंने तीन हफ़्ता देखा है. काम कम हुआ तो मेरा प्रोबेशन ख़तम करो. पर टीम को रात में नहीं डालने का." आवाज कापत होता, पण वाक्य त्यानं पूर्ण केलं. "नहीं तो मेरा मराठीवाला राजीनामा लो."

भसीनसाहेब त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग परत त्याच्याकडे. आणि स्कीमला तीन महिन्यांची परवानगी दिली.

आम्ही बाहेर पॅसेजमध्ये आलो.

"तिकडे पानिपतला उभा होतो," तो म्हणाला, "आणि वाटलं, पानिपत तर इथं माझंच झालं."

"'तू' म्हणालास मला," मी म्हणाले.

"सॉरी. घाईत..."

"आता परत अहो म्हणालास ना, तर बघ."

*

स्कीम सोमवारपासून सुरू व्हायची होती. शुक्रवारी टीमनं मॅनेजरची वेळ ठरवली. आपसात, नियमाप्रमाणे. हेरंबला सकाळी सात ते तीन. मुनिरकाहून येणाऱ्यांना सातची पहिली कॅब सोयीची होती. आणि मी एचआरची, जुनीच नऊवाली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी कॅबमध्ये आम्ही दोघंही मनात हिशेब करत होतो. मी येईन तेव्हा तो फोनवर असेल, तो निघेल तेव्हा मी मीटिंगमध्ये. ज्यासाठी आम्ही महिनाभर भांडलो, त्यानंच आमचा जॅम काढून घेतला होता. टीमला एक शब्द बोलले असते तर त्यांनी वेळ बदलून दिली असती. पण कुठल्या तोंडानं बोलणार? त्यांची वेळ त्यांनी ठरवायची, हे मीच तर शिकवलं होतं.

बॉर्डर आली. त्या दिवशी नेमका रस्ता मोकळा! गाडी सुसाट निघाली, आणि मला रडूच यायला लागलं.

"सोमवारपासून आता भेट नाही," मी म्हणाले.

"आपोआप नाही," हेरंब म्हणाला. "इतके दिवस कंपनी भेटवत होती. आता भेटायचं तर मुद्दाम यावं लागेल."

"मग?"

"उद्या रविवार आहे. मी द्वारकेला येतो. मुद्दाम." त्यानं माझा हात धरला, काच वगैरे पुसायचं निमित्त न करता. "घरी काय सांगशील, कोण येतंय म्हणून?"

मागच्या सीटवरचं घोरणं थांबलं होतं. ऐकत होते मेले. ऐकू देत.

"सांगेन, मला आवडणारा माणूस येतोय," मी म्हणाले. "आणि आईला सांगेन, थालीपीठ पातळ कर, त्याला शिकायचंय."